बॅटरी आणि हायड्रोजनच्या काळात विमानाच्या टर्बाइनवर संशोधन कशासाठी?

एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जेट इंजिन उडू लागून ऐंशीहून अधिक वर्षे झाली, त्यातले भौतिकशास्त्र पाठ्यपुस्तकात आले. मग विमानाची इंजिने अधिक कार्यक्षम करण्यासाठी अजून नेमके काय संशोधन चालते? त्यातून मिळण्यासारखे काही उरले आहे का? आणि सगळीकडे बॅटरी-हायड्रोजनची चर्चा असताना गॅस टर्बाइनमध्ये पीएचडी करावी का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: करावी. गेली बरीच वर्षे माझे काम टर्बाइनच्या तापलेल्या भागात आहे, पाती थंड ठेवण्याचे. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे तुम्ही ओळखले असेलच. पण कल बाजूला ठेवून नुसते आकडे मांडले तरी उत्तर बदलत नाही. ते का, हे सांगायला जरा खोलात जावे लागेल.

विमानाच्या इंजिनाची एकूण कार्यक्षमता म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. पहिला औष्णिक: इंधनातल्या उष्णतेपैकी किती भाग उपयोगी यांत्रिक ऊर्जेत उतरला. दुसरा प्रणोदनाचा: त्या ऊर्जेपैकी किती विमान पुढे नेण्यात लागली आणि किती मागे सोडलेल्या झोतातच राहिली. आजची उत्तम इंजिने क्रूझच्या अवस्थेत, म्हणजे उंचीवर एकसारख्या वेगाने जाताना, दोन्ही मिळून ४० टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणजे इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा अजूनही हवेत जाते. त्यातली काही वाचवणे निसर्गनियमांमुळे शक्यच नाही, पण काही नक्कीच शक्य आहे, आणि सगळे संशोधन त्या भागासाठी चालते.

आधी प्रणोदन बघू, कारण ते समजायला सोपे आहे. विमान सेकंदाला २४० मीटर वेगाने जात आहे असे धरा. इंजिनाने हवा मागे ६०० मीटर वेगाने फेकली, तर प्रणोदनाची कार्यक्षमता ५७ टक्के येते. तेवढाच थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, जास्त हवा घेऊन ३२० मीटर वेगाने फेकून मिळवला, तर ती ८५ टक्क्यांच्या वर जाते. अरुंद वल्हे जोरजोरात मारण्यापेक्षा रुंद वल्हे सावकाश ओढलेले बरे, एवढेच हे तत्त्व. म्हणूनच जेट इंजिनाचा इतिहास म्हणजे पुढचा फॅन मोठा होत जाण्याचा इतिहास आहे. अशा फॅनच्या इंजिनाला टर्बोफॅन म्हणतात. फॅनमधली थोडी हवा गाभ्यात, म्हणजे कंप्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइनमध्ये जाते, बाकीची गाभ्याबाहेरून. प्रवासी विमानांत आलेला पहिला टर्बोफॅन, रोल्स-रॉइसचा कॉनवे, गाभ्यातल्या हवेच्या जेमतेम एक-तृतीयांशाहून कमी हवा बाहेरून नेत असे. या प्रमाणाला बायपास गुणोत्तर म्हणतात, आणि त्याचे ते ०.३ च्या आसपास होते. १९७० मध्ये बोइंग ७४७ बरोबर आलेल्या जेटी९डी इंजिनात ते ५ झाले. आज जनरल इलेक्ट्रिक आणि साफ्रानच्या लीप इंजिनात ते ११ च्या घरात आहे, प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅनमध्ये (गिअरबॉक्स असलेल्या इंजिनात) त्याहून थोडे जास्त. बोइंग ७७७एक्ससाठीच्या जीई९एक्स इंजिनाचा फॅन ३.४ मीटर व्यासाचा आहे, म्हणजे बोइंग ७३७ च्या धडाच्या रुंदीपेक्षा फार कमी नाही. पहिल्या जेट विमानांच्या तुलनेत तेवढ्याच थ्रस्टसाठी लागणारे इंधन आज निम्म्यावर आले आहे, आणि त्यातला मोठा वाटा या फॅनचा आहे.

मग फॅन वाढवतच का नेत नाहीत? कारण तो ज्या आवरणात बसतो ते नॅसेलही वाढते. त्याचे वजन वाढते, हवेतला अवरोध वाढतो, आणि एका टप्प्यानंतर फॅनने वाचवलेले इंधन नॅसेल खाऊन टाकते. शिवाय पंखाखाली जागा हवी. बोइंग ७३७ मॅक्सवरच्या लीपचा फॅन १.७६ मीटरचा आणि एअरबस ए३२०निओवरच्या लीपचा १.९८ मीटरचा आहे. एकाच घराण्यातली ही दोन इंजिने वेगळी आहेत, कारण ७३७ जमिनीला जवळ बसते. इंजिनाचा अभियंता एकटा काहीच ठरवू शकत नाही. लँडिंग गिअरची उंचीसुद्धा त्याच्या गणितात असते.

दुसरी अडचण वेगाची. मोठा फॅन सावकाश फिरायला हवा, नाहीतर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या फार पुढे जातात. पण त्याला फिरवणारी टर्बाइन सावकाश फिरली तर तिला जास्त टप्पे लागतात आणि ती जड होते. दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स घातली की दोघेही आपापल्या सोयीच्या वेगाने फिरतात. कल्पना जुनीच आहे. मोठ्या प्रवासी जेटमध्ये ती २०१६ मध्ये ए३२०निओबरोबर सेवेत आली. इतकी वर्षे का लागली, ते एका साध्या हिशेबातून दिसते. ५० मेगावॉट वाहून नेणारी गिअरबॉक्स ९९.५ टक्के कार्यक्षम असली, तरी उरलेला अर्धा टक्का म्हणजे २५० किलोवॉट उष्णता, आणि ती एका लहानशा डब्यात सतत तयार होते. तेवढी उष्णता तेलातून बाहेर काढायची, ती पुन्हा इंधनात किंवा हवेत सोडायची, आणि हे सगळे हजारो तास दात न झिजता चालले पाहिजे. रोल्स-रॉइसच्या अल्ट्राफॅन या प्रात्यक्षिक इंजिनाची गिअरबॉक्स याच गटातली आहे. ३.५६ मीटरचा फॅन असलेले हे इंजिन २०२३ मध्ये डर्बीच्या चाचणीकेंद्रात पहिल्यांदा चालवले गेले.

त्यापुढचा विचार म्हणजे नॅसेलच काढून टाकायचे. उघडा फॅन. १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने जीई३६ हे उलटसुलट फिरणाऱ्या दोन उघड्या पंख्यांचे इंजिन करून १९८६ मध्ये बोइंग ७२७ वर उडवले. ते चालले. इंधनाची बचतही खरी होती. पण आवाज मोठा होता, आणि तेवढ्यात तेल स्वस्त झाले. विमानकंपन्यांना इतका मोठा बदल करण्याचे कारणच उरले नाही. मला ही गोष्ट नव्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तंत्रज्ञान अपयशी ठरणे आणि तंत्रज्ञानाला गिऱ्हाईक न मिळणे यात फरक आहे, आणि त्या काळातले मोजमापांचे कागद आजही उपयोगी पडतात.

२०२१ मध्ये सीएफएमने, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक आणि साफ्रानच्या संयुक्त कंपनीने, राइज कार्यक्रमातून हा विचार पुन्हा हाती घेतला. या वेळी फिरणारा पंखा एकच आहे. त्याच्या मागे न फिरणाऱ्या पात्यांची रांग आहे आणि ती झोताला सरळ करते. दोन फिरणाऱ्या पंख्यांची एकमेकांवर आदळणारी ध्वनिलहरींची साखळी यामुळे बरीच तुटते. आजच्या इंजिनांपेक्षा २० टक्क्यांहून अधिक इंधन वाचवण्याचे त्यांचे लक्ष्य आहे आणि सेवेत येण्याचा काळ २०३० च्या दशकाच्या मध्याचा. हा आराखडा आज शक्य वाटतो, कारण पात्याच्या टोकाशी निर्माण होणारे भोवरे आणि त्यांचा आवाज आता महासंगणकावर पुरेशा बारकाईने सोडवता येतो. १९८० च्या दशकात ते अनुभवाने आणि वाऱ्याच्या बोगद्यात चाचपडत करावे लागे. माझ्या मते लहान पल्ल्याच्या मोठ्या बाजारासाठी उघड्या फॅनला खरी संधी आहे. त्याची कठीण परीक्षा मात्र कार्यक्षमतेची नसून सुरक्षेची आहे. आवरण असलेल्या इंजिनात पाते तुटले तर ते आवरणातच अडकले पाहिजे, असा नियम आहे आणि पूर्ण वेगात पाते मुद्दाम तोडून ते सिद्ध करावे लागते. आवरणच नसेल तर पाते तुटणारच नाही, किंवा तुटले तरी विमान सुखरूप उतरेल, हे पटवून द्यावे लागेल.

फॅन हवा ढकलतो, पण त्याला फिरवायची ताकद गाभ्यातून येते. औष्णिक कार्यक्षमता वाढवायचे दोन रस्ते आहेत: हवा आणखी दाबा, आणि आणखी तापवा. जीई९एक्सचे एकूण दाब गुणोत्तर ६० आहे, म्हणजे हवेचा दाब साठपट होतो. इतकी दाबलेली हवा ज्वलनकक्षात शिरण्याआधीच टेकऑफच्या वेळी सहाशे-सातशे अंश सेल्सिअसला पोहोचते. मग त्यात इंधन जळते आणि टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायू दीड हजार अंशांच्याही वर असतो. निकेलचे जे मिश्रधातू आपण वापरतो ते तेराशे-साडेतेराशे अंशांच्या आसपास वितळतात. थोडक्यात, पाते स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा तापलेल्या वायूत, मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत, अनेक टनांचे ताण सोसत वर्षानुवर्षे काम करते.

ते टिकते कसे, हा माझा विषय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पहिली गोष्ट धातूची. साध्या ओतीव धातूत लहान लहान स्फटिक असतात आणि जास्त तापमानाला ताणाखाली त्यांच्या सीमांवरून तो सरकत जातो. याला क्रीप म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रवासी इंजिनांत संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतले जाऊ लागले. सीमाच नाहीत, तर सरकणार कुठून? दुसरी गोष्ट आतल्या हवेची. कंप्रेसरमधून काढलेली हवा पात्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांतून फिरवतात आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर सोडतात. ती पात्यावर पातळ पडद्यासारखी पसरते आणि तापलेला वायू धातूला थेट शिवत नाही. तिसरी गोष्ट लेपाची: यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा सिरॅमिक थर, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा, पण धातूचे तापमान शंभर किंवा त्याहून अधिक अंशांनी कमी राखणारा.

ही थंड करणारी हवा फुकट नसते. गाभ्यातून जाणाऱ्या हवेपैकी सुमारे पाचवा भाग या ना त्या कारणाने थंड करण्यात खर्च होतो. तिला दाबायला काम लागले, पण ती ज्वलनकक्षातून गेली नाही, आणि मुख्य प्रवाहात परत मिसळताना त्यालाही बिघडवते. म्हणून आमच्या क्षेत्रात एक टक्का शीतक हवा वाचली तर ती बातमी असते. छिद्राचा आकार गोल ठेवायचा की तोंडाशी पंख्यासारखा पसरवायचा, एवढ्यावर शेकडो शोधनिबंध आहेत, आणि ते सगळे सार्थ आहेत.

याच कारणाने सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिटने एवढी आशा निर्माण केली आहे. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू सिलिकॉन कार्बाइडमध्येच रोवलेले. वजन निकेलच्या मिश्रधातूच्या एक-तृतीयांश, आणि सोसण्याचे तापमान त्याहून बरेच जास्त. लीप इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनभोवतीच्या कड्यात ते २०१६ पासून उडत आहे. नुसते सिरॅमिक ठिसूळ असते. तंतू आणि मॅट्रिक्स यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर थर ठेवतात, म्हणजे तडा गेला तरी तो तंतूंना वळसा घालून जातो आणि भाग एकदम फुटत नाही. पण या पदार्थाचा शत्रू अनपेक्षित आहे: पाण्याची वाफ. ज्वलनात वाफ तयार होतेच, आणि ती सिलिकॉन कार्बाइडवर बसलेल्या संरक्षक सिलिकाशी संयोग पावून तिला वायुरूपात उडवून नेते. भाग हळूहळू झिजत जातो. म्हणून त्यावर वेगळा पर्यावरणरोधक लेप लागतो, आणि सगळ्या भागाचे आयुष्य मग त्या लेपाच्या आयुष्यावर टांगलेले राहते. फिरणाऱ्या पात्यांसाठी, जिथे ताण प्रचंड असतो, हा पदार्थ वापरणे स्थिर भागांपेक्षा कितीतरी अवघड आहे.

धुळीचाही मुद्दा आहे. वाळवंटी, धुळकट हवेत उडणाऱ्या इंजिनांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडांची धूळ आत येते. बाराशे अंशांच्या आसपास ती वितळते, काचेसारखी होऊन लेपाच्या छिद्रांत झिरपते, आणि थंड होताना लेपच उचकटून काढते. इंजिन जितके जास्त तापवू तितका हा त्रास वाढतो. जुन्या, कमी तापणाऱ्या इंजिनांत ही धूळ न वितळता पुढे निघून जाई. ज्या प्रदेशांत हवाई वाहतूक झपाट्याने वाढते आहे, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणची हवा अशीच आहे. त्यामुळे हा प्रश्न आज मध्यवर्ती झाला आहे.

आता एक पेच. फॅन मोठा आणि दाब जास्त, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की गाभा लहान होत जातो. जास्त दाबलेली हवा कमी जागा घेते. कंप्रेसरच्या शेवटच्या टप्प्यातली पाती मग तेरा-चौदा मिलिमीटर उंचीपर्यंत खाली येतात, बोटाच्या एका पेराहून लहान. पाते आणि आवरण यांच्यात फट ठेवावीच लागते, कारण टेकऑफला पाती आणि आवरण वेगवेगळ्या वेगाने तापतात व फुगतात. ती फट पाव मिलिमीटर धरली, तरी तेरा मिलिमीटरच्या पात्यासाठी ती जवळपास दोन टक्के झाली. आणि फट पात्याच्या उंचीच्या एक टक्क्याने वाढली की त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारण एक ते दोन टक्क्यांनी घसरते. म्हणजे दाब वाढवून मिळवलेले फटीतून गळून जाते. नासाच्या हायटेक (HyTEC) कार्यक्रमासारखे लहान गाभ्यावरचे संशोधन याच पेचासाठी आहे. बाहेरून आवरणावर थंड हवा मारून फट नियंत्रित ठेवणे, पात्याने थोडे घासले तर झिजून जाईल असा मऊ थर आवरणाच्या आत देणे, फट चालू इंजिनात मोजणारे संवेदक बसवणे: हे उपाय बाहेरून फारसे कुणाला दिसत नाहीत, पण खरी टक्केवारी इथून येते.

दाब आणि तापमान वाढवले की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, कारण हवेतला नायट्रोजन उच्च तापमानाला ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो. त्यामुळे ज्वलनकक्षाचे संशोधन हा स्वतंत्र मोठा विषय आहे. इंधन आधीच भरपूर हवेत मिसळून विरळ जाळायचे की आधी गडद, म्हणजे कमी हवेत, जाळून मग झटकन हवा मिसळायची, असे दोन विचारप्रवाह आहेत. विरळ ज्योत स्वच्छ असते, पण डळमळते, आणि तिच्या दाबलहरी भाग मोडू शकतात. लीपमधले इंधनाचे नोझल त्रिमितीय छपाईने करतात, कारण त्यातल्या वाटा दुसऱ्या कुठल्या रीतीने घडवता येत नाहीत. वीसेक सुटे भाग जोडून होणारी वस्तू एकसंध होते.

इथे मला माझे मुख्य म्हणणे मांडायचे आहे. इंजिनाची कार्यक्षमता म्हणजे चाचणीकेंद्रात पहिल्या दिवशी मोजलेला आकडा नव्हे. ती हजारो उड्डाणांनंतर किती शिल्लक राहते, हा खरा आकडा. फटी वाढतात, पाती खरबरीत होतात, लेप उडतो, आणि इंजिन हळूहळू जास्त इंधन जाळू लागते, जास्त तापू लागते. धातूचे तापमान पंधरा-वीस अंशांनी वाढले तरी क्रीपमुळे त्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे कार्यक्षमतेसाठी तापमान जरासे वाढवण्याचा निर्णय खरे तर इंजिन पंखावर किती वर्षे राहणार याचा निर्णय असतो. गेल्या दशकात आलेल्या इंजिनांनी इंधनाची वचने बऱ्याच अंशी पाळली. टिकाऊपणात मात्र ती मागे पडली, आणि विमानकंपन्यांना विमाने जमिनीवर उभी ठेवून इंजिनांच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ कंपनीने जाहीर केले की गिअर्ड टर्बोफॅनच्या काही चकत्या (पाती ज्यांवर बसतात त्या) ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या त्यात दूषण राहिले होते, आणि शेकडो इंजिने काढून तपासावी लागतील. गिअरबॉक्स, जिच्याबद्दल सगळ्यांना शंका होती, ती ठणठणीत होती. अडचण आली ती भुकटीच्या शुद्धतेत. हातातल्या इंजिनाऐवजी जुने इंजिन उडवावे लागले तर कागदावरची १५ टक्के इंधनबचत कुठे गेली? म्हणून माझा आग्रह असा आहे की टिकाऊपणावरचे संशोधन हे कार्यक्षमतेचेच संशोधन मानले पाहिजे, आणि त्याला तेवढाच पैसा व तेवढीच हुशार माणसे मिळाली पाहिजेत. आज तसे होत नाही. नव्या फॅनच्या चित्रावर परिषदेत गर्दी जमते. लेप कसा सुटतो यावरच्या सत्रात मोजकेच लोक असतात.

हवा दाबणे, तापवणे आणि टर्बाइनमधून सोडणे या ठरलेल्या चक्राबाहेर जाणारे प्रयत्नही चालू आहेत. एमटीयू या जर्मन इंजिन कंपनीची कल्पना अशी की बाहेर जाणाऱ्या वायूच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून ती ज्वलनकक्षात सोडायची, आणि पुढे वायू थंड करून तेच पाणी परत मिळवायचे. वीजनिर्मितीत उष्णता अशी परत वापरणे नेहमीचे आहे. विमानात अडते ते उष्णता-विनिमयकाच्या वजनाशी आणि जागेशी. दुसरा रस्ता म्हणजे फिरत्या स्फोटलहरीचे ज्वलन. त्यात ज्वलनकक्षातला दाब कमी होण्याऐवजी वाढतो. रॉकेटसाठी ते जपानच्या जाक्सा या अवकाशसंस्थेने २०२१ मध्ये अवकाशात चालवून दाखवले. टर्बाइनच्या पुढे असा धडधडणारा झोत कसा जोडायचा, हे मात्र अजून सुटलेले नाही. तरुणपणी मी बहुधा याच विषयात उडी घेतली असती. धडाभोवतीची संथ हवा मागच्या फॅनमध्ये ओढून घेण्याचीही कल्पना आहे. कागदावर ती काही टक्के देते, पण वेडीवाकडी हवा दर फेरीत पात्यांना हिसके देते.

आता बॅटरीचा हिशेब. जेट इंधनात किलोमागे सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये अडीचशे-तीनशे, आणि पूर्ण पॅकमध्ये त्याहून कमी. विद्युत मोटर ९० टक्के कार्यक्षम आणि टर्बाइन ४० टक्के, हे धरूनही बॅटरी जवळपास वीसपट जड पडते. शिवाय इंधन जळत जाते आणि विमान हलके होते. बॅटरी उतरेपर्यंत तेवढीच जड राहते. पिपिस्ट्रेलच्या दोन आसनी व्हेलिस इलेक्ट्रोला २०२० मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळाले, प्रशिक्षणासाठी ते उत्तम आहे. दीडशे प्रवासी हजारो किलोमीटर नेण्यासाठी हा मार्ग आजच्या रसायनशास्त्रात नाही. मोठ्या इंजिनाला थोड्या काळासाठी विजेची मदत देणे, टेकऑफला किंवा जमिनीवर सरकताना, यात मात्र अर्थ आहे आणि राइजमध्येही तो विचार आहे.

हायड्रोजनचे वजन उत्तम. किलोमागे १२० मेगाजूल, केरोसीनच्या पावणेतीनपट. पण द्रवरूपातही तो चौपट जागा घेतो आणि उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. म्हणजे टाक्या पंखात मावत नाहीत, धडात जातात, विमानच बदलते. सोव्हिएत अभियंत्यांनी टीयू-१५५ हे विमान १९८८ मध्ये द्रव हायड्रोजनवर उडवले होते, त्यामुळे इंजिन चालेल का हा प्रश्नच नाही. रोल्स-रॉइस आणि इझीजेटने २०२२ मध्ये एई २१०० इंजिन जमिनीवर हायड्रोजनवर चालवले. प्रश्न टाक्या, विमानतळ आणि स्वच्छ हायड्रोजन येणार कुठून याचा आहे. एअरबसने हायड्रोजन विमानासाठी २०३५ ची ठरवलेली तारीख पुढे ढकलली, ती याच कारणांमुळे. आणि लक्षात घ्या, हायड्रोजन जाळला तरी तो गॅस टर्बाइनमध्येच जाळायचा आहे. त्याने तुमची पीएचडी वाया जात नाही.

येत्या दोन-तीन दशकांत खरा भार जैविक किंवा कृत्रिम मार्गाने बनवलेल्या इंधनावर राहील असे मला वाटते. ते आजच्याच इंजिनांत चालते. प्रमाणित मिश्रणाची मर्यादा ५० टक्के आहे. व्हर्जिन अटलांटिकने नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे अशा इंधनावर लंडन ते न्यूयॉर्क उड्डाण केले. हे इंधन केरोसीनपेक्षा बरेच महाग आहे, आणि इंधन जितके महाग तितका वाचवलेल्या प्रत्येक टक्क्याचा भाव वाढतो.

एक गोष्ट मात्र कार्यक्षमतेच्या विरुद्ध जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. विमानामागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा, म्हणजे बर्फाचे ढग, उष्णता अडवतात आणि त्यांचा हवामानावरचा परिणाम मोठा आहे. इंजिन अधिक कार्यक्षम झाले की इंधनाच्या प्रत्येक किलोमागे वाफ तेवढीच निघते, पण झोत थंड असतो. थंड झोत लवकर संपृक्त होतो, त्यामुळे जुन्या इंजिनामागे जिथे रेषा उमटली नसती तिथेही नव्या इंजिनामागे ती उमटू शकते. उपाय आहेत: काजळी कमी करणारे ज्वलन, काजळी वाढवणारी अॅरोमॅटिक संयुगे कमी असलेले इंधन, आणि दमट-थंड थर टाळून उड्डाणमार्ग ठरवणे. पण इंधन वाचले म्हणजे हवामान वाचले असे सरळ समीकरण मांडू नका.

आता पीएचडीच्या विषयाबद्दल. माझ्या दृष्टीने तीन क्षेत्रांत माणसांची टंचाई आहे: लेप आणि सिरॅमिकचे ऱ्हास, लहान गाभ्यातली गळती व फटी, आणि तापलेल्या भागात प्रत्यक्ष मोजमाप. तिसऱ्यावर माझा सर्वाधिक भर आहे. चालू टर्बाइनमध्ये फिरत्या पात्याचे तापमान काही अंशांच्या अचूकतेने सांगू शकणारी माणसे जगभरात थोडीच आहेत, आणि संगणकावरचे प्रत्येक प्रारूप शेवटी त्यांच्या आकड्यांवर तपासले जाते. प्रारूपे शिकाच, त्याशिवाय आता चालत नाही. पण फक्त तीच शिकू नका. प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाचे शोधनिबंध मोजण्याआधी विचारा की त्यांच्याकडे स्वतःची चाचणी-व्यवस्था आहे का, ती शेवटची कधी चालली, आणि तिच्यातल्या अनिश्चिततेचा हिशेब कुणी लिहून ठेवला आहे का. तो हिशेब दाखवायला कुणी तयार असेल तर तिथे जा.